दुसऱ्या मोजणीला अकरा

मुलुंड पूर्व
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

शके,

व्हॉट्सअॅपवर तू मला ब्लॉक केलंयस, फोनवर ब्लॉक केलंयस. मागच्या दिवाळीत तुझ्या भावाच्या फोनवरून शुभेच्छा पाठवल्या तर तो बिचाराही दोन दिवस गायब झाला. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून आलेली नाही, म्हणून हे पत्र. पार्ल्याचा नवा पत्ता तुझ्या माधुरी वहिनीने दिला. तिला ओरडू नकोस, मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते.

फाडायचं असेल तर फाड. पण आधी कामाचं वाच.

गुरुवारी घाटकोपरच्या मीटिंगला दत्ताराम दादांनी जाहीर केलं की अठरा जानेवारीला आपला ट्रेकिंग ग्रुप उंबरदरीला जाणार. हो, त्याच उंबरदरीला. बारा वर्षांत आपल्यापैकी कोणी तिथे पाऊल टाकलेलं नाही, तुला माहीत नसेल. दादा आता एकाहत्तरचे झाले. म्हणाले, दरीच्या टोकाचा तो पाटा-कातळ आपला राहिलाय तो राहिलाच, तो चढल्याशिवाय मी बूट काढणार नाही. आणि पाट्यावर लीड मला करायला सांगितलंय. दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे मी! सत्तेचाळिसाव्या वर्षी! सकाळी सात ते दहा घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढायचं, आणि दुपारी पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन सोसायटीचे सात मजले चढायचे-उतरायचे, असं चाललंय माझं. राजेश म्हणतो, लोकांना वाटेल नवऱ्याने हिला लिफ्ट बंद केली.

तर कामाचं. मीटिंगला एक नवी मुलगी आली, दिशा. चोवीस वर्षांची, पवईला ऑफिस, खारीसारखी चढते. तिला नंबर द्यायची वेळ आली तर ती म्हणाली, "दादा, अकरा रिकामा आहे ना? मला अकरा द्या."

सगळ्यांनी दादांकडे बघितलं यार. तुला आपली पद्धत आठवते ना? दरीत वळणावर माणसाला माणूस दिसत नाही, म्हणून दादा ओरडणार "मोजणी!" आणि मग एकेकाने आपापला नंबर ओरडायचा, एक, दोन, तीन, शेवटपर्यंत. कोणी ग्रुप सोडला की त्याचा नंबर नव्या माणसाला जातो. तुझा मात्र दादांनी बारा वर्षं कोणाला दिला नाही. दहा झाला की एक श्वास थांबायचं आणि मग मी बारा म्हणायचं. नव्या पोरांना वाटतं अकरा आमच्यात अपशकुनी आहे.

दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "शकुक विचार. तिका नको आसात तर देऊन टाकूया. डिसेंबर संपासर वाट बघू."

म्हणून विचारते. येतेस का? नाही आलीस तर अकरा दिशाला जाईल.

आणि आता लिहायलाच बसले आहे तर एक बोलते. बारा वर्षं झाली गं. एका नंबरसाठी किती राग धरायचा माणसाने? डोहापाशी तूच म्हणालीस ना, "मी बाजूची घळ बघून येते, दहा मिनिटं, तू माझा नंबर मार." मी मारला. कॉलेजात तीन वर्षं तू माझी प्रॉक्सी मारलीस, केमिस्ट्रीच्या बाई तर शेवटपर्यंत तुलाच उत्तरा समजायच्या. मी एकदा मारली आणि नेमका तिथे घळीत तुझा पाय सटकला, टाच मोडली. यात माझं काय चुकलं ते तरी सांग.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी परत लिहीन, मी कशी आहे तुला ठाऊक आहे.

उत्तरा


मुलुंड
९ नोव्हेंबर २०२५

शकु,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परतही आलेलं नाही, म्हणजे तुझ्या घरातच कुठेतरी पडलंय.

माधुरी वहिनीकडून एक गोष्ट कळली आणि मी भर रस्त्यात फोनवर किंचाळले. तू दर रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जातेस. कातळांवर. टाचेत दोन स्क्रू घेऊन! अगं बये, आम्हाला वाटलं तुझं चढणं संपलं. मी इथे बारा वर्षं तुझ्यासाठी हळहळतेय आणि तू तिकडे मजेत कातळ चढतेयस. आधी राग आला, मग एवढा आनंद झाला की त्या दिवशी शेवटच्या पेशंटकडे चहासुद्धा प्यायले. एरवी मी कोणाकडे काही घेत नाही.

मागच्या पत्रात माझा आवाज जरा चढला होता. राजेशने वाचलं असतं तर म्हणाला असता, माफी मागतेयस की भांडतेयस? तर थोडं कबूल करते. दहा मिनिटांनी तू आली नाहीस तेव्हा मी दादांना सांगायला हवं होतं की शकु मागे राहिलीय. मी सांगितलं नाही. विसरले.

का विसरले तेही सांगते. आपण पाट्याच्या पायथ्याशी पोचलो आणि दादांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आज लीड उत्तरा करतली." मला वाटत होतं तूच करणार. सगळ्यांनाच वाटत होतं. तू आपल्यातली सगळ्यात भारी. आणि दादा माझं नाव घेतात! मी हार्नेसचा पट्टा दोनदा उलटा घातला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला म्हणालं होतं, पुढे हो. घरी मी धाकटी, कॉलेजात तुझ्या मागे, ग्रुपात तुझ्या मागचा नंबर. अशा वेळी माणूस विसरतं गं. आनंदाने विसरतं.

वीस फूट चढले होते तेव्हा खालून तुझी शिट्टी ऐकू आली. सहा वेळा, मग थांबून परत सहा वेळा, मदतीची खूण. मी तशीच लटकून ऐकत राहिले. पुढचं तुला माहीतच आहे. चढाई सोडली, दोराची झोळी केली, पाच-पाच जणांनी आळीपाळीने उचलली. आणि तू झोळीत पडून आम्हालाच सूचना देत होतीस की डावीकडचा धोंडा हलतो, त्यावर पाय देऊ नका. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत.

तर हे असं झालं. विसरण्याची शिक्षा बारा वर्षं भोगली, आता पुरे ना?

उत्तरा


मुलुंड
२३ नोव्हेंबर २०२५

शकु,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतात हेच मला माहीत नव्हतं. वर तारीख नाही, खाली नाव नाही, पण ते नकाशा काढल्यासारखं सरळ अक्षर मी कुठेही ओळखीन. एकच ओळ.

"दुसऱ्या मोजणीला अकरा कोण बोललं?"

चार दिवस ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरतेय. शुक्रवारी एका आजोबांची नस दोनदा चुकले. माझ्या हातून असं कधी होत नाही. आजोबा हात पुढे धरूनच म्हणाले, "ताई, आज लक्ष कुठाय तुमचं?"

मी बोलले.

मी बोलले, शकु. विसरले वगैरे सगळी थाप आहे. दादांनी लीडसाठी माझं नाव घेतलं आणि लगेच हाक दिली, मोजणी! पहिली मोजणी डोहापाशी, ही दुसरी. मी सगळ्यांत मागे होते, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, माझ्या पलीकडे कोणी नव्हतं. नऊ झाला, दहा झाला. तू मागे आहेस हे मला त्या क्षणी पक्कं आठवत होतं. डोह सोडून चाळीस मिनिटं झाली होती, दहा नाही. अकरा आला नसता तर दादांनी चढाई थांबवली असती, सगळ्यांना तुला शोधायला लावलं असतं, डोहापाशी प्रॉक्सी कोणी मारली ते विचारलं असतं. आणि माझं लीड गेलं असतं. एवढा सगळा हिशेब माझ्या डोक्यात दहा आणि बारा यांच्या मध्ये झाला. मी मान फिरवली, आवाज जाडा केला आणि बोलले, अकरा. मग माझ्या आवाजात बारा.

डोहापाशी तू सांगितलंस म्हणून बोलले होते. इथे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

तू त्या वेळी घळीत मोडक्या टाचेवर बसून शिट्टी शोधत असशील. दादांनी तेव्हाच माणसं पाठवली असती तर तुला एकटीला तेवढा वेळ तिथे काढावा लागला नसता. हे मला रोज सुचतं. रोज म्हणजे रोज. दात घासतानासुद्धा.

आणि अजून आहे. संध्याकाळी गावात तुला गाडीत घालून पुढे पाठवल्यावर दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दुसरे मोजणेक शकु होती?" मी म्हटलं, होती. मोजणी झाल्यावर न सांगता कुठेतरी गेली असेल. ते दादांनी ग्रुपच्या वहीत जसंच्या तसं लिहिलं. बेशिस्त म्हणून तुला काढलं ते माझ्या त्या एका वाक्यावर. तू हॉस्पिटलात पाय टांगून पडली होतीस आणि तुला ते फोनवर कळवलं. तू का नाही गं बोललीस? दादांना एक फोन केला असतास तर माझी वाट लागली असती. तू फक्त मला ब्लॉक केलंस आणि गप्प बसलीस.

माझं काय चुकलं म्हणून मी तुला पहिल्या पत्रात विचारलं होतं. बघ माझा निर्लज्जपणा. मला लाज वाटते, शकु. मला माफ कर असं लिहायचं धाडस होत नाहीये, पण वाटतं तेच.

उत्तरा


मुलुंड
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

शकु,

तुझं दुसरं कार्ड.

"मला काय सांगतेस? मी तिथे नव्हते हे मला माहीतच आहे."

वाचून मी आधी फस्सकन हसले आणि मग मला दरदरून घाम फुटला. खरंच की! जिला सगळं ठाऊक होतं तिलाच मी चार पानं भरून सांगत बसले. ज्यांना ठाऊक नाही ते दर गुरुवारी माझ्यासमोर बसून वडापाव खातात.

तर काल सांगितलं. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, उभं राहून. उंबरदरीच्या तयारीचं चाललं होतं, कोणी किती दोर आणायचा वगैरे. मी म्हटलं, दादा, थांबा, आधी माझं ऐका. आणि सांगून टाकलं. पहिली मोजणी, दुसरी मोजणी, गावात मी काय बोलले ते. मधेच मी खुर्चीची पाठ धरली. पाट्यावर वीस फुटांवर लटकले होते तेव्हासुद्धा काही एवढं घट्ट धरलं नव्हतं.

दादांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"माका ठाऊक होता," ते म्हणाले.

मी म्हटलं, "ठाऊक होतं?"

"त्या दिवशी नाय कळला. घराक जाऊन आंघोळीक बसलंय आणि कानात मोजणी परत वाजली. अकरा आणि बारा, तोच आवाज दोनदा इलो. जाडो केलंस म्हणून काय झाला? तुझो आवाज माका कळना नाय?"

मला एवढा राग आला म्हणून सांगू! मी जवळजवळ ओरडलेच, "मग बारा वर्षं गप्प का बसलात? तिला काढलंत ना तुम्ही?"

"काढलंय. वहीत लिवलंय. मगे माझो मान आड इलो," दादा म्हणाले. "पुढारी चुकलो म्हणून कसा सांगू? म्हणून नंबर तेवढो राखून ठेवलंय. तू कधीतरी सांगशील म्हणून बघी होतंय."

म्हणजे बघ, आम्ही दोघं दर गुरुवारी एकमेकांसमोर बसून तेच लपवत होतो. दोघंही भित्रे. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं आणि त्यांनी मान डोलावली.

मग निकाल लागला. माझं लीड गेलं. वर्षभर मी शेपूट, म्हणजे सगळ्यांच्या मागे चालायचं, कोणी मागे राहत नाही ना ते बघायचं. ही शिक्षा दादांनी दिली, पण मला ती एवढी बरोबर वाटली की मीच आधी मागायला हवी होती. वही काढली. २०१३ चा १५ डिसेंबर उघडला. ती ओळ मी माझ्या हाताने खोडली आणि बाजूला लाल पेनाने खरं लिहिलं, खाली सही केली. दादांनीही सही केली. तारीख कालची.

दिशा सगळं ऐकत होती. निघताना म्हणाली, "ताई, मला तेरा चालेल. अकरा ज्यांचा आहे त्यांचाच राहू दे."

घरी आले आणि दोन वेळचं एकदम जेवले. राजेश म्हणाला, आज काय लॉटरी लागली? मी म्हटलं, लीड गेलं. तो म्हणाला, मग हसतेस काय? त्याला काय सांगणार? बारा वर्षांनी पोट भरलं असं वाटलं, बस.

उत्तरा


मुलुंड
११ जानेवारी २०२६

शकु,

डिसेंबर संपला. तुझं काही नाही. दादांनी अकरा कोणाला दिलेला नाही आणि मुदतीचं कोणी नावही काढत नाही.

पाट्यावर लीड कोण करणार ते ठरलेलं नाही. विचारलं की दादा म्हणतात, "बघूया." दिशा तयार आहे, पण दादा तिला हो म्हणत नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता उंबरवाडीच्या मारुतीपाशी जमायचं आहे. आग्रह करत नाही. करायचा मला हक्क नाही. पण सात म्हणजे सात, दादांचा स्वभाव तुला माहीत आहे.

उत्तरा


मुलुंड
मंगळवार, २० जानेवारी २०२६

शके!

वहीत उंबरदरीची हकीकत लिहायचं काम दादांनी मला दिलंय. म्हणाले, "हिच्या हातून एकदा खोटा गेला, आता खरा हिच्याच हातून जाऊंदे." म्हणून वहीत घालायच्या आधी तुला पाठवतेय, तपासून दे. आणि तसंही दोराच्या वरच्या टोकाला तू होतीस. खालच्या टोकाला काय चाललं होतं ते तुला दिसलेलं नाही.

सात वाजता मारुतीपाशी तू नव्हतीस. सव्वासातला नव्हतीस. चहा मी तसाच ठेवला. मोजणी झाली, दहा, मग तो एक श्वास, मग मी बारा, दिशा तेरा. दादा म्हणाले, चला. वाट दाखवायला येणार होता तो गावातला लवू दिसत नव्हता. विचारलं तर दादा म्हणाले, येतोय तो मागून. तिथेच मला कळायला हवं होतं, पण मी माझ्या दुःखात.

दरी तशीच आहे गं. तेच घराएवढे धोंडे, तीच बुटाच्या तळव्याला सरकणारी रेती, दोन्ही अंगांनी उभे कडे आणि मध्ये आभाळाची पट्टी. फक्त मी वेगळ्या जागी होते. शेपूट. पुढे सगळ्यांच्या पाठी आणि मागे कोणी नाही. डोहापाशी थांबलो, तू गेली होतीस ती घळ मी पहिल्यांदा नीट बघितली. एवढीशी आहे. मला इतकी वर्षं स्वप्नात ती केवढी मोठी दिसायची.

साडेदहाला पाट्याच्या पायथ्याशी. साठ फूट सरळ काळा कातळ, खरंच उभ्या ठेवलेल्या पाट्यासारखा, हात घालायला जागा शोधावी लागेल असा. दादा धोंड्यावर बसले, घाम पुसला आणि हाक दिली. मोजणी!

मी परत त्याच आडोशाला उभी. मुद्दाम नाही, शेपटीची जागाच ती. एक, दोन, तीन. आवाज कड्यावरून परत येत होते. आठ. नऊ. दहा. मी दात घट्ट मिटले, तो एक श्वास घेतला, आणि बारा म्हणायला तोंड उघडलं.

"अकरा!"

माझ्या मागून. शके, मागून! मी शेपूट, माझ्या मागे कोणी असूच शकत नव्हतं. मी वळले तर तू धोंड्यावरून चढून येतेयस, डोक्यावर तीच फाटकी टोपी, पायात तेच बूट, लेस तेवढ्या नव्या. आणि तुझ्या मागे लवू, बत्तीस दात काढून. टाचेमुळे धोंड्यांवर वेळ लागतो म्हणून तू सगळ्यांच्या मागून आपल्या चालीने येणार, हे दादांशी फोनवर आठवड्यापूर्वीच ठरलं होतं म्हणे. लबाड म्हातारा! आणि तू त्याच्याहून लबाड!

मी बारा म्हणाले. कसं म्हणाले देव जाणे. दिशा तेरा म्हणायचं सोडून टाळ्या वाजवत होती.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ दादांपाशी गेलीस, दोराचं टोक हातात घेतलंस आणि हार्नेसला गाठ मारायला लागलीस. म्हणजे लीड कोणाचं ते सगळ्यांना कळलं. दादांनी विचारलं, "खालसून दोर कोण धरतलो?"

तू गाठ आवळलीस. "बारा नंबर," म्हणालीस.

आता खालच्या टोकाचं ऐक. तू कातळाला हात लावलास तेव्हा मी दोराची कडी पाच वेळा तपासली होती. लीडवाला पडला तर त्याचा जीव खाली दोर धरणाऱ्याच्या हातात, एवढं तर दिशालाही कळतं. तुझा जीव माझ्या हातात, आणि तो तू स्वतः दिला होतास. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता आणि हात सोडता येत नव्हते, म्हणून दिशा आपल्या रुमालाने माझा घाम पुसत होती. मी तुझ्या टाचेवरून नजर काढली नाही. पस्तीस फुटांवर तू डावा पाय त्या बारीक खाचेत दिलास आणि मला कळलं की तो राहणार नाही. ओरडायच्या आत तू सुटलीस.

सहा-सात फूट. मी ओढली जाऊन तोंडावर कातळाला आदळले, हनुवटी फुटली, पण हात सुटला नाही. दोर ताणून थांबला. तू वर लटकलेली, मी खाली लटकलेली.

तू खाली न बघता विचारलंस, "धरलंस?"

"धरलंय!"

"मग ढील दे. चढायचंय मला."

मी ढील दिली आणि हसायला लागले, रक्त गळतंय, डोळ्यांतून पाणी येतंय आणि मी हसतेय. बाकीच्यांना वाटलं डोक्याला मार लागला. तू परत त्याच खाचेत गेलीस, या वेळी उजवा पाय टाकलास, डावा नुसता टेकवलास, आणि त्या खाचेच्या वर गेलीस. मग तू चढलीस नाही, तू पळालीस. बारा वाजून वीस मिनिटांनी वरून तुझी शिट्टी आली. एकच, लांबलचक. बारा वर्षं माझ्या कानात त्या दरीतल्या सहा शिट्ट्या होत्या. आता ही आहे. खाली आम्ही अशी बोंब ठोकली की लवू म्हणाला, गावात ऐकू गेलं असेल.

मग एकेक जण वर. दादांना तर तू आणि दिशाने गोणीसारखं खेचलंत, आणि ते मधेच लटकून आजूबाजूला बघत होते, काय सुंदर आसा, काय सुंदर आसा! सगळ्यांत शेवटी मी. वीस फुटांवर ती जागा आली जिथून मी तेव्हा उतरले होते. तिथे एक क्षण थांबले. मग पुढचा हात टाकला. त्याच्या वरचा कातळ माझ्या हातांना नवा होता, उन्हाने गरम झालेला, आणि प्रत्येक फुटाला मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडलेही. तुला वर ऐकू आलं असेल.

कड्यावर तू हात दिलास. खेचून घेतलंस आणि बारा वर्षांनी माझ्या डोळ्यांत बघून पहिलं वाक्य बोललीस, "अक्षर अजून तितकंच घाण आहे तुझं. तिसरं पत्र चारदा वाचावं लागलं."

वर नुसता वारा आणि पिवळं गवत. सगळे आडवे झालेले. दादांनी बूट काढून बाजूला ठेवले, पाय पसरले, डोळे मिटले आणि सवयीने हाक दिली, मोजणी!

एक, दोन, तीन. नऊ. दहा.

"अकरा," तू म्हणालीस, लेस सोडता सोडता.

माझी पाळी. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. परत प्रयत्न केला, नुसता हुंदका आला. सगळे माना वळवून बघायला लागले. दादांनी एक डोळा उघडला.

आणि तू, मान वर न करता, आवाज जाडा करून बोललीस, "बारा."

"कोण बोलला ता?" दादा ताडकन उठून बसले.

"अकरा नंबर, दादा," तू म्हणालीस. "ती इथेच आहे. रडतेय फक्त."

हे असंच्या असं वहीत घालू का? काही चुकलं असेल तर कळव. फोन केलास तरी चालेल, पण त्यासाठी आधी मला अनब्लॉक करावं लागेल.

उत्तरा
नंबर बारा